दादांचा ध्वनिवर्धक

२०२४ च्या नाताळापूर्वीं आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन झालें, त्या वेळीं सभागृहांत गिटारीचा जो आवाज झाला त्यासंबंधीं अनेक पालकांनीं मजकडे विचारणा केली. कांहींनीं तो आवडल्याचें सांगितलें. एका वृद्ध गृहस्थांनीं मात्र, ‘मास्तर, तुमचें यंत्र बिघडलें होतें काय?’ असा प्रश्न केला. त्यांस मीं तेथल्या तेथें उत्तर देऊं शकलों नाहीं. यंत्र बिघडलें होतें हें खरें; आणि त्यांनीं ऐकला तो आवाज बिघाडाचा नव्हता, हेंहि तितकेंच खरें. दोनचार वाक्यांत ही गोष्ट उलगडण्यासारखी नाहीं, म्हणून संपादकांनीं दिलेलीं हीं पानें मी त्या कामीं खर्च करीत आहें.

यंत्र माझ्या थोरल्या बंधूंचें. त्यांस आम्ही दादा म्हणत असूं. ते नोकरीनिमित्त मुंबईस राहत, दिवसभर कचेरींत आंकडेमोड करीत आणि रात्रीं विजेवर चालणारी गिटार वाजवीत. आमच्या वडिलांस पायपेटीपलीकडचें वाद्य फारसें मानवत नसे; तरी दादा सुटींत घरीं आले कीं तेच प्रथम विचारीत, ‘तुझें तें गडगडणारें खोकें आणलेंस कीं नाहीं?’ २०२१ च्या एप्रिल महिन्यांत, ज्या साथीनें क्वचितच एखादें घर वगळलें असेल, त्या साथींत दादा गेले. अंत्यविधीस मला जातां आलें नाहीं. पुढें वहिनींनीं त्यांचें सामान आवरलें, तेव्हां दोन जड काळ्या पेट्या, एक गिटार आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत कापसांत गुंडाळून ठेवलेले कांहीं सुटे व्हॉल्व्ह त्यांनीं मजकडे धाडून दिले. वरची पेटी यंत्राची, खालची स्पीकरची. यंत्राच्या दर्शनी पट्टीवर सहा फिरतीं बटणें, आणि प्रत्येक बटणाभोंवतीं दादांनीं पांढऱ्या रंगाचा एकेक बारीक ठिपका दिलेला. तीन पावसाळे मीं त्या पेट्यांवरची चादर काढली नाहीं.

२०२४ च्या जुलै महिन्यांत नववीच्या वर्गांतील एक मुलगी मजकडे आली. ती उपासनेंत साधी गिटार वाजवीत असे. संमेलनांत विजेची गिटार वाजवावयाची आहे, परंतु भाड्यानें मिळणाऱ्या लाउडस्पीकरवर ती ‘डब्यांत खडे वाजविल्यासारखी’ ऐकूं येते, अशी तिची तक्रार होती. तिचें म्हणणें रास्त होतें. भाषणाचा लाउडस्पीकर मिळेल तो आवाज शक्य तितका तसाच्या तसा मोठा करण्याकरितां बांधलेला असतो. गिटारीचा ध्वनिवर्धक मात्र आवाजांत स्वतःची भर घालतो. तो वाद्याचा अर्धा भागच म्हणावा. मीं चादर काढली.

हल्लींच्या मुलांनीं व्हॉल्व्ह पाहिलेला नसतो. त्यांच्या आजोबांनीं मात्र पाहिला आहे. १९४८ सालीं नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां ज्या थोड्या घरांत रेडिओ होता तो व्हॉल्व्हचा. बटण फिरवून अर्धा मिनिट थांबावें, आंतल्या काचेच्या नळ्या तांबूस व्हाव्या, आणि मग दुरून कोणी चालत यावें तसा आवाज जवळ यावा, असा त्याचा थाट असे. नळींतील हवा काढून टाकिलेली असते. मध्यें एक तापणारी पट्टी, बाहेरच्या अंगास दुसरी पट्टी, आणि दोहोंमध्यें बारीक तारेची जाळी. तापलेल्या पट्टीपासून निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या पट्टीकडे धांव घेतात. जाळीवर येणारा अत्यल्प विद्युद्दाब त्या लोंढ्यास आवरतो किंवा सोडतो. कालव्याच्या दारावर एक हात ठेवून शेंकडों एकरांचें पाणी कमीअधिक करणाऱ्या पाटकऱ्याप्रमाणें ही जाळी काम करिते. अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं ती नळींत घातली, आणि लांब पल्ल्याचा दूरध्वनि, रेडिओ, बोलपट इतक्या गोष्टी तिच्यामागून आल्या. आपल्या देशांत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यांत १९६१ पासून असे व्हॉल्व्ह होऊं लागले. पुढें ट्रान्झिस्टरनें त्यांस घरोघरच्या रेडिओंतून हुसकून लाविलें. आतां ते स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथील कारखान्यांतून येतात आणि ते घेणारे बहुतेक गिटार वाजविणारे किंवा जुन्या ध्वनीचे शौकीन असतात.

दादांचा ध्वनिवर्धक पन्नास वॅटचा. पुढल्या भागांत ईसीसी ८३ जातीचे चार लहान व्हॉल्व्ह आणि शेवटीं स्पीकर हलविण्यासाठीं ईएल ३४ जातीचे दोन मोठे. गिटारीच्या तारेखालील चुंबकाच्या वेटोळ्यांतून निघणारा दाब फार थोडा, सुमारें एक-दशांश व्होल्ट. लहान व्हॉल्व्हचा एक टप्पा त्यास सुमारें पन्नास पट करितो. असे चार टप्पे एकापुढें एक लाविले तर कागदावर ही वाढ साडेबासष्ट लक्ष पट होते! विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. प्रत्यक्षांत मधल्या जोडणींत पुष्कळ भाग मुद्दाम खालीं सोडून देतात. तरीहि शेवटल्या टप्प्यांवर इतका मोठा दाब येऊन आदळतो कीं, व्हॉल्व्हला तो पेलत नाहीं. ज्याच्या घरांत तीनशें व्होल्टच आहेत तो पांचशें कोठून देणार? म्हणून तरंगांचे माथे सपाट होतात. गोल टेकडीचें पठार बनतें, आणि मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपसंख्येचे सूर नव्यानें जन्मास येतात. यासच वादक ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. त्या वृद्ध गृहस्थांस जो बिघाड वाटला तो हा.

आणि आरंभीं तो बिघाडच होता. अमेरिकेंत मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या १९६१ च्या गाण्याचें ध्वनिमुद्रण चाललें असतां यंत्राचा एक भाग नादुरुस्त होऊन गिटार भुंग्यासारखी गुणगुणली. ती तशीच ठेवण्यांत आली व लोकांस आवडली. १९६४ सालीं इंग्लंडांत डेव्ह डेव्हीस या तरुणानें तर आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या स्पीकरचा कागद पात्यानें चिरला. लंडनच्या जिम मार्शल या वाद्यविक्रेत्यानें १९६२ पासून मोठे ध्वनिवर्धक बांधण्यास आरंभ केला, आणि पुढील पंचवीसएक वर्षांत कारागिरांनीं टप्प्यामागें टप्पा जोडून हा आवाज बटणावर आणून ठेविला.

असें असलें तरी ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या माणसास ती लवकर पटते. तंबोऱ्याची घोडी अणकुचीदार नसून रुंद व किंचित् उतरती असते. तिच्यावर तार घासत कांपते, आणि खालीं सरकविलेला सुताचा दोरा नेमक्या जागीं आला म्हणजे साध्या सुरांतून वरचे सूर झणझणत वर येतात. दोरा काढून टाका, तार तितक्याच जोरानें छेडा. सूर तोच राहील, पण तंबोरा मुका वाटेल. मिरजेंत एकोणिसाव्या शतकांत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं वाद्यें घडविण्याचा उद्योग आरंभिला, तो त्या गांवीं आजहि चालूं आहे, आणि २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागीर जवारी काढतांना कानस एक वेळ फिरवितो आणि चार वेळां ऐकतो. या घोडीच्या गुणावर शास्त्रीय लेखन करणारे चंद्रशेखर वेंकट रामन् हे हिशेबखात्यांतील नोकरीमुळें १९१० सालीं आपल्या नागपुरांतच होते. त्यांचा तो निबंध मागाहून, १९२१ सालीं, कलकत्त्याच्या संस्थेकडून प्रसिद्ध झाला. तथापि नागपूरकरांनीं थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नसावी.

असो. बिघाडाकडे वळतों.

प्रथम मीं तें यंत्र शहरांतील एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेलें. त्यानें दोन दिवस ठेवून घेतलें आणि ट्रान्सफॉर्मर जळाला आहे, भंगारांत द्या, असें सांगितलें. घरीं आणून पाहतों तों फ्यूज उडालेला, आणि त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळलेली! फ्यूज हा घरांतील राखणदार. तो मेला म्हणून दार सताड उघडें ठेवण्यासारखेंच हें. मीं चांदी काढली, यंत्रावर लिहिलेल्या मापाचाच, सावकाश वितळणारा फ्यूज आणून बसविला, स्पीकरची तार जोडली आहे याची दोनदां खात्री केली आणि मग बटण दाबलें. स्पीकर न जोडतां व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक वाजविल्यास त्याचा शेवटचा ट्रान्सफॉर्मर खरोखरच जळूं शकतो. त्याचप्रमाणें स्पीकरचे ओहम आणि यंत्राच्या मागील खांचेवर लिहिलेले ओहम, मग ते ४ असोत, ८ असोत वा १६, जुळले पाहिजेत. नळ्या तांबूस झाल्या. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. त्या रात्रीं मी गिटार न जोडतां नुसता त्या उजेडाकडे पाहत बराच वेळ बसलों.

येथें पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या पेटीच्या आंत साडेचारशें व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि भिंतींतला प्लग काढल्यावरहि तो आंतल्या मोठ्या कपॅसिटरांत दडून राहूं शकतो. तो एका क्षणांत माणूस मारील. मीं विज्ञानाचा पदवीधर असून आणि दादांच्या हाताखालीं कांहीं शिकलों असूनहि पेटी उघडतांना घरांत दुसरें माणूस ठेवितों, एक हात खिशांत घालतों, आणि मापकाचा कांटा शून्यावर आल्याशिवाय कशासहि स्पर्श करीत नाहीं. मुलांनीं पेटी उघडूं नये. पुढें मुलांनीं केलेल्या ज्या गोष्टी सांगणार आहें त्या सर्व बाहेरून करण्याच्या आहेत, आणि बहुतेक दोष बाहेरूनच ओळखतां येतात.

पहिला दोष गुंजनाचा. घरीं यंत्र शांत असे. शाळेच्या सभागृहांत नेतांच मधमाश्यांचें पोळें उठल्यासारखा आवाज येई. मुलांनीं लागलीच व्हॉल्व्हवर आरोप ठेविला. मीं गिटारीची तार उपटावयास सांगितली. तार निघतांच गुंजन जवळजवळ थांबलें, म्हणजे चोर यंत्रांत नसून बाहेरून येत होता. यंत्रांतील जुने कपॅसिटर दमले असते तर गुंजन तार काढूनहि राहिलें असतें, आणि तें आपल्या ५० कंपांच्या विजेच्या दुप्पट, म्हणजे १०० कंपांचें असतें. मग गिटार वाजविणाऱ्या मुलीस जागच्या जागीं हळूहळू फिरावयास सांगितलें. ती पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली कीं आवाज वाढे, दक्षिणेकडे वळली कीं कमी होई. गिटारींतील तारेचें वेटोळें ही एक अँटेनाच असते. पंख्यांचे रेग्युलेटर बंद केले, आणखी कमी झाला. राहिलेला कोठून येतो म्हणून वीजतंत्र्यानें भिंतींतील तीन भोंकांची खांच उघडली, तों तिसऱ्या भोंकामागें तारच नव्हती! कित्येक वर्षें त्या खांचेंत प्लग घालून आम्ही भाषणें केलीं होतीं. भूमितार घातली, बाहेरच्या खड्ड्यांतील माती ओली केली. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे इतकी कोरडी पडते कीं, गाडलेली पट्टी असून नसल्यासारखी होते. कोणी कोणी गुंजन घालविण्यासाठीं प्लगचा तिसरा कांटाच कापून टाकितात, असें ऐकतों. तो कांटा वादकाच्या जिवासाठीं असतो.

दुसरा दोष गमतीचा. बटण वाढविलें कीं कोणी न वाजवितांहि यंत्र ‘टण्ण’ करून ओरडे आणि तो स्वर वाढतच जाई. लांकडी पेन्सिलीच्या मागच्या टोंकानें मीं एकेका लहान व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारली. इतर व्हॉल्व्ह मुकाट्यानें राहिले. पहिला मात्र स्पीकरमधून देवळाच्या घंटेसारखा वाजला. त्याच्या आंतील जाळी सैल झाली होती. स्पीकरच्या धक्क्यानें ती हाले, आणि तिच्या हालण्यानें स्पीकर पुन्हां धक्का देई. पहिल्या जागीं बसलेल्याचा प्रत्येक दोष पुढचे सर्व टप्पे वाढवीत जातात, म्हणून तेथें सर्वांत शांत व्हॉल्व्ह ठेवावा. बिस्किटांच्या डब्यांत दादांनीं जपून ठेवलेला बंगळूरच्या कारखान्याचा एक व्हॉल्व्ह निघाला. काचेवरचीं अक्षरें अर्धीं पुसलेलीं. तो बसविला आणि ओरडणें थांबलें.

तिसऱ्या दोषानें मला दीड महिना छळलें, आणि त्यांत माझीच फजिती झाली. दहा मिनिटें यंत्र नीट वाजे, मग आवाज हळूहळू क्षीण होई, मध्येंच खरखरून परत येई, पुन्हां जाई. मीं ठरवून टाकिलें कीं मोठे व्हॉल्व्ह थकले आहेत. पगाराचा चांगला मोठा लचका तोडून मुंबईहून नवी जोडी मागविली. ती नुसती खोंचून भागत नाहीं. तिच्या विश्रांतीचा प्रवाह ठरवावा लागतो. ईएल ३४ हा व्हॉल्व्ह २५ वॅट उष्णता सोसतो. त्याच्या शेंकडा सत्तर म्हणजे १७.५ वॅट. पट्टीवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, म्हणजे सुमारें ३९ मिलिअँपिअरपेक्षां अधिक प्रवाह ठेवूं नये. ठेविल्यास पट्टी लाल होऊन व्हॉल्व्ह जळतो. फार कमी ठेविल्यास आवाज कोरडा व करकरीत होतो. हें सर्व एका जाणत्या माणसाकडून करवून घेतलें. दुसऱ्या दिवशीं सभागृहांत मुलें जमलीं, आणि दहाव्या मिनिटास आवाज गेला.

मी कपाळास हात लावून बसलों. तेव्हां ती मुलगी संकोचत म्हणाली, ‘सर, कूलर बंद पडला कीं बाबा आधीं प्लग आणि बटण हलवून बघतात. मोटर नंतर.’

तिचे वडील कूलर दुरुस्त करितात. नागपुरांत या धंद्यास मार्च ते जून उसंत नसते. मीं तिला विचारलें, ‘येथें काय हलवून बघशील?’ तिनें पेटीच्या मागें जाऊन पाहिलें. तेथें दोन भोंकें असतात: एकांतून यंत्राच्या पुढल्या भागांतील सूर बाहेर काढावा व दुसऱ्यांतून परत मागल्या भागांत घालावा, म्हणजे मध्यें प्रतिध्वनीचें किंवा दुसरें एखादें उपकरण जोडतां येतें. जेव्हां कांहींच जोडलेलें नसतें, तेव्हां आंतली एक लहानशी पत्र्याची पट्टी दोहोंचा सांधा जुळवून ठेविते. तिनें एक आंखूड तार घेऊन त्या दोन भोंकांत अडकविली. आवाज खणखणीत परत आला! तीन पावसाळ्यांची दमट हवा त्या पट्टीवर बसली होती; यंत्र तापलें कीं ती जराशी सरके आणि सांधा सुटे. यंत्र बंद करून प्लगास संपर्क साफ करण्याचें औषध लाविलें, तो दहापंधरा वेळां आंतबाहेर केला, आणि दोष गेला तो आजतागायत गेला. नवे व्हॉल्व्ह मीं काढून डब्यांत ठेविले नाहींत, कारण ते काढावयाचे तर पुन्हां तो सारा हिशेब करावा लागला असता. परंतु तिच्यादेखत मीं कबूल केलें कीं पैसे व्यर्थ गेले.

आतां आवाज सुस्वर करण्याचें काम राहिलें, आणि तेंच अधिक कठीण निघालें.

पहिल्या दिवशीं मुलांनीं सर्व बटणें दहावर नेलीं. मुलेंच तीं. जो आवाज निघाला त्यांत सूर नव्हता. ओल्या गोणपाटाखालीं गिरणी चालावी तसा तो होता. मीं म्हटलें, येथें दादांचे ठिपके आहेत, त्यांवर बटणें आणा. ‘गेन’चा ठिपका पाहून सर्वांस नवल वाटलें: तो पांचाच्याहि खालीं होता. खर्जाचें बटण तिहींवर, मधल्या सुरांचें सातांवर. जोरदार वाजणाऱ्या माणसानें बटणें इतकीं खालीं ठेविलीं होतीं! त्याचें कारण लौकर कळून आलें. माथे सपाट झालेल्या तरंगांत जोराचा व हलक्या हाताचा फरक उरत नाहीं. अधिक गेन म्हणजे अधिक जोर नव्हे, अधिक सपाटी. खर्ज पुढल्या टप्प्यांत फार सोडला तर तोच सर्व जागा अडवितो. मधले सूर कमी केले तर घरीं एकट्यानें वाजवितांना आवाज भव्य वाटतो, पण ड्रम व पेटी सुरू झालीं कीं गिटार नाहींशी होते, कारण माणसाचा कान गिटारीस मधल्या सुरांतच ओळखतो.

स्वर निवडण्यांतहि पथ्य आहे, आणि तें गणितांत बसतें म्हणून येथें देतों. दोन सूर एकाच वेळीं या सपाटींतून गेले कीं त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर निघतो. षड्ज २०० कंपांचा व पंचम ३०० चा धरा. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकांतील षड्जच. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी भरदार व गंभीर होते. आतां गंधार घ्या. शुद्ध गंधार २५० चा. परंतु गिटारीच्या पडद्यांवर तो सुमारें २५२ चा असतो. षड्जाचा पांचवा पडसाद १०००, गंधाराचा चौथा १००८. त्या दोहोंत दर सेकंदास आठ वेळां धडपड चालते. साध्या गिटारीवर ही धडपड कानाआड होते; या यंत्रांतून ती दसपट मोठी होऊन बाहेर येते. म्हणून जें भजन साध्या गिटारीवर पूर्ण स्वरमेळांत गोड वाटे, त्यांतले गंधार मुलीस सोडावे लागले. ती प्रथम हिरमुसली. मग दोन तारांत वाजवून तिनें ऐकलें, आणि पुन्हां मागें वळून पाहिलें नाहीं.

इतकें झाल्यावर दादांच्या ठिपक्यांवर काम संपावयास हवें होतें. तें संपलें नाहीं. त्यांच्या खुणांवर मला त्यांचा आवाज पुन्हां ऐकूं येईल अशी माझी समजूत होती, आणि खरें सांगावयाचें तर सारा खटाटोप त्यासाठींच होता. तो आवाज आला नाहीं. आमचें सभागृह लांबट, वर पत्रा, भिंती उघड्या. तीक्ष्ण बटण दादांच्या ठिपक्यावर ठेविलें कीं पहिल्या रांगेंतील कान दुखत आणि शेवटल्या रांगेंत कांहींच पोंचत नसे. शिवाय मुलीचा हात हलका. ती मनगट घोडीजवळ टेकून तारा दाबते तेव्हां दादांसारखा ‘धप्प’ होत नाहीं, कांहींसा ‘टुक’ होतो. दोन दिवस मी तिला दादांप्रमाणें वाजविण्यास सांगत राहिलों. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, ‘सर, त्यांचा हात माझ्याजवळ नाही.’ मीं तें सोडून दिलें.

मग आम्हीं उलट्या बाजूनें आरंभ केला. मी शेवटल्या रांगेंत पालकांच्या खुर्चीवर बसलों. ती बटणें फिरवी, मी हात वर किंवा खालीं करीं. स्पीकर पायांकडे तोंड करून ठेविला म्हणजे वाजविणाऱ्याच्या पोटऱ्यांस आवाज ऐकूं येतो आणि कानांस नाहीं. म्हणून पेटी दोन विटांवर मागें कलती केली. भिंतीपासून हातभर पुढें ओढली, तेव्हां खर्जाचा गोंधळ निम्मा झाला. गेन दादांच्या ठिपक्याहूनहि थोडें खालीं आलें, एकूण आवाज थोडा वर गेला. कारण लहान व्हॉल्व्ह चिरडण्यापेक्षां मोठ्या व्हॉल्व्हना व स्पीकरला थोडें श्रम करूं दिले तर आवाजास अंग येतें. तारा नव्या घातल्या. प्रत्येक गाण्यापूर्वीं सूर मिळविण्याची सवय लाविली. बेसूर तार या यंत्रांत लपत नाहीं. जुळलेल्या जागा तिनें दादांच्या पांढऱ्या ठिपक्यांशेजारीं पिंवळ्या खडूनें दाखविल्या.

संमेलनाच्या दिवशीं यंत्र पांच मिनिटें आधीं सुरू करून तापूं दिलें. पडदा वर जाण्यापूर्वीं मीं मागून पाहिलें, दोन्ही मोठे व्हॉल्व्ह मंद नारिंगी दिसत होते, पट्टी काळीच होती. वहिनी मुंबईहून आल्या होत्या. त्या चौथ्या रांगेंत बसल्या. शेवटचा सूर मुलीनें सोडला नाहीं, तार बोटाखालीं हलवीत ठेविली, आणि तो विरण्याऐवजीं स्पीकरच्याच आवाजानें पुन्हां भरूं लागला. ही गोष्ट मीं तिला शिकविली नव्हती. दादा ती नेहमीं करीत, परंतु हा सूर त्यांचा नव्हता. वहिनी मागाहून इतकेंच म्हणाल्या, ‘ते इतका वेळ धरीत नसत.’

पेट्या आतां संगीताच्या खोलींत असतात. फेब्रुवारींत साफसफाई करतांना कोणीतरी ओलें फडकें फिरविलें आणि पिंवळ्या खुणा गेल्या. रंगाचे ठिपके राहिले. मीं हळहळलों. मुलगी म्हणाली, तिच्या लक्षांत आहेत, आणि नसल्या तरी या वर्षीं कार्यक्रम उघड्या मैदानावर आहे, तेव्हां त्या नव्यानेंच शोधाव्या लागतील. विटा मात्र जपून ठेवा, असें तिनें बजाविलें आहे.